अर्थ कळू न देणारी गीता

फिलिप ग्लासच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेरात गांधीजी पहिल्यांदा गातात ते अर्जुनाचे शब्द. गीतेच्या पहिल्या अध्यायातला तेविसावा श्लोक, लढायला कोण कोण जमलंय ते जरा पाहू दे, असं सारथ्याला सांगणारा. तिथून पुढे तिन्ही अंक संपेपर्यंत रंगमंचावर संस्कृतखेरीज दुसरी भाषा ऐकू येत नाही. ५ सप्टेंबर १९८० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात पहिला प्रयोग झाला, तेव्हा समोर डच श्रोते होते आणि गांधीजींची भूमिका डग्लस पेरी हा अमेरिकन गायक करत होता. गाणाऱ्यांपैकी कुणाचीच ती भाषा नव्हती, ऐकणाऱ्यांचीही नव्हती. पाश्चात्त्य ऑपेरागृहांत आज गाण्याचा अनुवाद रंगमंचाच्या वर किंवा समोरच्या खुर्चीच्या पाठीवर सरकत राहतो. ‘सत्याग्रह’ला मात्र तो नको, अशी संगीतकाराचीच इच्छा. श्लोकांचा अर्थ हवा असेल तर आधी वाचून या. प्रयोग चालू असताना नुसतं ऐका आणि पाहा.

मराठी वाचकाला ही गोष्ट खटकायला हवी. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती ज्यांना संस्कृताचा दरवाजा बंद होता त्यांच्यासाठी. साडेसहाशे वर्षांनी विनोबांनी ‘गीताई’ लिहिली, तिच्यामागे आई रुक्मिणीबाईंची तक्रार होती: संस्कृत गीता समजत नाही, सोप्या मराठीत काहीतरी दे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. गीता कळावी म्हणून मराठीनं एवढ्या पिढ्या खर्च केल्या. आणि बाल्टिमोरचा एक ज्यू संगीतकार तीच गीता उचलून पुन्हा संस्कृतात ठेवतो, तेही ज्यांना संस्कृताचं अक्षर ठाऊक नाही अशा लोकांपुढे.

धर्मग्रंथ अर्थावाचून माणसापर्यंत पोचतो का? आणि पोचत असेल तर नेमकं काय पोचतं?

हा वाद भारताला नवा नाही. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन ग्रंथात, कौत्स नावाच्या आचार्याचं मत नोंदवलेलं आहे की वेदमंत्रांना अर्थच नसतो. मंत्रातला शब्द बदलता येत नाही, क्रम बदलता येत नाही, काही मंत्र तर एकमेकांना छेद देतात. मग ते काही सांगतात असं कसं मानायचं? यास्क रागानंच उत्तर देतो की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. विसाव्या शतकात फ्रिट्स स्टाल या डच विद्वानानं कौत्साची बाजू नव्यानं लढवली. १९७५ साली केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी केलेलं बारा दिवसांचं अग्निचयन त्यानं चित्रित करून घेतलं, आणि पुढे अनेक वर्षं तो मांडत राहिला की विधी म्हणजे काटेकोर नियमांनी बांधलेली कृती, तिच्यापलीकडे अर्थ शोधू नका. मंत्र त्याला पक्ष्यांच्या कूजनाच्या जवळचे वाटत.

ग्लासच्या हट्टाला अशी शास्त्रातली बाजू सापडते. तो स्वतः मात्र तिथवर शास्त्राच्या वाटेनं आला नाही. तो आला तबल्याच्या वाटेनं.

ग्लासचा जन्म १९३७चा. वडिलांचं रेकॉर्ड्सचं दुकान होतं. न खपणाऱ्या रेकॉर्ड्स ते घरी आणत आणि त्या का खपत नाहीत हे समजून घेण्यासाठी ऐकत बसत. ज्युलियार्डचं शिक्षण संपवून मुलगा पॅरिसला नादिया बूलांजे या कडक शिस्तीच्या बाईंकडे स्वरसंगती शिकायला गेला. तिथे १९६५-६६च्या सुमारास त्याला एक काम मिळालं. ‘चॅपाक्वा’ नावाच्या चित्रपटाला पंडित रविशंकर संगीत देत होते. पंडितजी गाऊन-वाजवून दाखवणार, ग्लासनं ते पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायचं आणि फ्रेंच वादकांच्या हाती द्यायचं. घोळ तिथेच झाला. कागदावर स्वर बरोबर होते, पण वाजवले की आघात भलत्याच जागी पडायचा. तबल्यावर उस्ताद अल्लारखा. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, की सगळे स्वर सारखेच आहेत. पाश्चात्त्य स्वरलिपीत ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ मारतात, आणि रेघेनंतरच्या स्वरावर वादक आपोआप जोर देतो. ग्लासनं हर प्रकारे रेघा हलवून पाहिल्या. शेवटी वैतागून सगळ्या खोडून टाकल्या. मग त्याला दिसलं की कागदावर आता दोन-दोन, तीन-तीनचे गट एकामागोमाग वाहत आहेत आणि एक मोठं आवर्तन पुरं करून समेवर परत येत आहेत.

भारतीय संगीत यानं त्याला पूर्ण कळलं असं म्हणणं धाडसाचं होईल. पुढे त्यानं राग लिहिले नाहीत, आलापही नाही. त्याच्या हाती आलं ते एवढंच की छोटा तुकडा घ्यावा, तो पुन्हा पुन्हा वाजवावा, कधी त्यात एक स्वर वाढवावा, कधी एक काढावा. या एवढ्यावर त्यानं पन्नास वर्षांहून अधिक काळ काम केलं. पॅरिसच्या त्या दिवसांच्या सुमारास भारतात येऊन तो तिबेटी बौद्ध गुरूंनाही भेटला आणि ती साधना त्यानं सोडली नाही. संगीताचा अभ्यास आणि ध्यानाचा अभ्यास त्याच्या आयुष्यात शेजारीच वाढले. ‘पुन्हा पुन्हा तेच काय वाजवता?’ ही तक्रार त्याच्याविरुद्ध जन्मभर झाली. जप करणाऱ्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

१९७६ साली ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ या ऑपेरात त्यानं गायकांच्या तोंडी आकडे आणि पाश्चात्त्य सरगम घातली: एक, दोन, तीन, चार, डो, रे, मी. सरावासाठी तात्पुरते घेतलेले बोल तसेच कायम राहिले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रयोग तुडुंब भरले, खर्च तरीही निघाला नाही, आणि ग्लास पुन्हा टॅक्सी चालवायला लागला. टॅक्सी आणि नळजोडणीची कामं यांवर चाळिशी उलटेपर्यंत त्याचा संसार चालला. पुढच्या ऑपेराचं निमंत्रण रॉटरडॅमहून आलं, तेव्हा त्यानं गांधी हा विषय निवडला आणि संहितेसाठी कादंबरीकार कॉन्स्टन्स डिजाँग हिला बरोबर घेतलं.

तिनं गांधींचं चरित्र संवादात लिहिलं नाही. दक्षिण आफ्रिकेतले प्रसंग रंगमंचावर घडतात आणि गायक गातात ते गीतेतले वेचे. १३ जानेवारी १८९७ रोजी डरबनला बोटीतून उतरलेल्या गांधींवर गोऱ्या जमावानं दगड, विटा, नासकी अंडी फेकली. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी समोरून येत होत्या. त्यांनी आपली छत्री उघडली आणि त्या गांधी व जमाव यांच्या मध्ये चालू लागल्या. छत्रीनं दगड अडत नाही. पण गोऱ्या बाईला लागेल म्हणून जमावाचा हात आखडला. ऑपेरात जमाव हसतो, त्याचं खिदळणं सुरात बांधलेलं आहे, आणि मिसेस अलेक्झांडर गातात ते सोळाव्या अध्यायातलं आसुरी संपत्तीचं वर्णन. प्रेक्षकाला त्यातलं काही कळत नाही. त्याला दिसतं एवढंच की एक बाई शंभर माणसांना छत्रीच्या आडोशानं थोपवते आहे आणि तिचा आवाज हलत नाही. सोळाव्या अध्यायाचं यापेक्षा चोख निरूपण रंगमंचावर करता येईल असं वाटत नाही. आणि ज्या मराठी घरांत बारावा-पंधरावा अध्याय मुलांकडून पाठ करून घेतात, तिथला श्रोता तर आणखी वेगळ्या जागी बसलेला असतो. शब्द ओळखीचे, उच्चार परके, अर्थ अर्धामुर्धा. लहानपणी पाठांतर करताना तो नेमका तिथेच होता.

इथे गांधींचा स्वतःचा अनुभव पाहायला हवा, कारण ग्लासच्या बाजूनं सगळ्यात भक्कम साक्ष त्यांचीच आहे. गांधींची गीतेशी ओळख १८८९च्या सुमारास लंडनमध्ये झाली, तीही एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी पद्यानुवादातून. संस्कृतात ते कच्चे होते. पुढे जोहान्सबर्गला वकिली करताना त्यांनी गीता पाठ करायला घेतली, ती सकाळी दात घासताना. दात घासायला पंधरा मिनिटं, आंघोळीला वीस, असा हिशेब आत्मकथेत दिलेला आहे. समोरच्या भिंतीवर श्लोक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, तोंडात ब्रश, आणि उभ्या उभ्या रोजचे नवे श्लोक घोकायचे, जुन्यांची उजळणी करायची. असे तेरा अध्याय झाले. चौदावा राहिला, कारण तोवर सत्याग्रह सुरू झाला आणि विचाराला मिळणारा सगळा वेळ त्यानं खाऊन टाकला.

गीतेच्या इतिहासात पाठांतर सुटल्याची इतकी सुंदर नोंद दुसरी नसेल. घोकणं थांबलं आणि करणं सुरू झालं, पण तेरा अध्यायांच्या घोकण्याशिवाय ते करणं झालं असतं का, हा प्रश्न उरतोच. १९२९ साली कौसानीत पुरं झालेलं आणि १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी, प्रसिद्ध झालेलं ‘अनासक्तियोग’ हे भाषांतर गांधी ज्या अधिकारानं पुढे ठेवतात तो पांडित्याचा नाही. चाळीस वर्षं ही शिकवण आचरणात आणायची धडपड केली, हा त्यांचा दावा. अर्थ आधी आणि आचरण मागून, हा क्रम त्यांनी उलटा केला.

‘सत्याग्रह’ पाहताना हा उलटा क्रम कानांना जाणवतो. वाद्यवृंदात तंतुवाद्यं, फुंकून वाजवायची लाकडी वाद्यं आणि एक इलेक्ट्रिक ऑर्गन. पितळी वाद्यं नाहीत, तालवाद्यं नाहीत; युद्धभूमीवर सुरू होणाऱ्या नाटकात ना रणशिंग, ना नगारा. पहिल्या अंकाच्या शेवटी ११ सप्टेंबर १९०६ची सभा येते. जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सुमारे तीन हजार हिंदी लोक नोंदणीच्या काळ्या कायद्याविरुद्ध जमले होते. शेठ हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यायची सूचना केली आणि गांधी दचकले, कारण ठराव मोडता येतो, ईश्वरासमोर घेतलेली शपथ मोडता येत नाही. त्यांनी सभेला तसं बजावलं, आणि मग सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी ते थिएटर आगीत जळून गेलं. ग्लासच्या संगीतात हा प्रसंग ठरावीक स्वराकृतींच्या आवर्तनांनी बांधलेला आहे. एकाचा आवाज दुसरा उचलतो, मग तिसरा. शपथ अशीच घेतली जाते. तिचे शब्द नवे नसतातच, आधीच्यानं उच्चारलेले आपल्या तोंडानं उच्चारायचे असतात.

तरी ज्ञानेश्वरांची बाजू सोडून देता येत नाही, आणि ग्लासलाही ती सोडता आलेली नाही. ‘अख्नातेन’ हा त्याचा पुढचा ऑपेरा, १९८४ साली श्टुटगार्टला झालेला. त्यात प्राचीन इजिप्शियन, अक्कादियन, हिब्रू अशा भाषा आहेत. एकच सूर्यदेव मानणाऱ्या त्या राजाचं सूर्यस्तोत्र मात्र प्रयोग जिथे होईल तिथल्या श्रोत्यांच्या भाषेत गायचं, असा संगीतकाराचा आदेश आहे. तासभर न कळणाऱ्या भाषांतलं गाणं ऐकल्यावर गाण्यातले शब्द एकदम उमगू लागतात, आणि पडदा उघडल्यासारखं होतं. अर्थाचं मोल ग्लासला पुरेपूर माहीत आहे याचा हा पुरावा. १९९९ साली साल्झबर्गला झालेल्या पाचव्या सिंफनीत तर तो दुसऱ्या टोकाला गेला. जगभरच्या धर्मग्रंथांतले उतारे त्यात आहेत, सृष्टीच्या उत्पत्तीपासून मृत्यूनंतरच्या वाटेपर्यंत, आणि सगळे इंग्रजीत. २००६च्या ‘द पॅशन ऑफ रामकृष्ण’मध्ये परमहंसांचं आजारपण आणि अखेरही इंग्रजीतच. दोन्हींत मनाला भिडणाऱ्या जागा आहेत. पण पाचव्या सिंफनीत सगळ्या धर्मांचे सगळे शब्द कळतात आणि शेवटी ते एकसारखेच ऐकू येतात, कारण प्रत्येक उतारा आपली वाक्यरचना, आपला उच्चार, आपली अडचण मागे ठेवून आलेला आहे. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती नऊ हजार ओव्यांनी, प्रत्येक श्लोकाशी बसून, भांडून, दृष्टांतांमागून दृष्टांत देऊन. अर्थ पोचवायचा तर एवढे श्रम लागतात. नुसतं भाषांतर छापून पुढे सरकलं की पदरात पडते ती माहिती. या तुलनेत ‘सत्याग्रह’मधलं मौन जास्त प्रामाणिक वाटतं.

ऑपेराचा शेवट १९१३च्या मोर्चानं होतो. गिरमिट संपलेल्या हिंदी मजुरांवर लादलेल्या तीन पौंडांच्या कराविरुद्ध न्यूकॅसलच्या खाणकामगारांना घेऊन गांधी ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाले: २०३७ पुरुष, १२७ बाया, ५७ मुलं, हा आकडा त्यांचाच. या अंकाला नाव मात्र मार्टिन ल्यूथर किंग यांचं आहे, आणि ते वर, उंचावर मूकपणे उभे असतात. शेवटी रंगमंचावर गांधी एकटे उरतात आणि चौथ्या अध्यायातले पाच ते आठ हे श्लोक गातात: माझे अनेक जन्म झाले, धर्माला ग्लानी येते तेव्हा मी पुन्हा येतो. चाल म्हणावी तर चालच नाही. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत चढत जाणारे आठ स्वर, आणि ते तीस वेळा. पाश्चात्त्य शास्त्र या स्वरसप्तकाला फ्रिजियन म्हणतं. आपल्या पेटीवर वाजवून पाहिलं तर रे, ग, ध, नी सगळे कोमल, म्हणजे भैरवीचे स्वर. ग्लासनं इथे भैरवी राग मांडलेला नाही, मींड नाही की राग खुलवणं नाही. पण मैफलीचा शेवट भैरवीनं ऐकायची सवय असलेल्या कानाला हे स्वर कुठे घेऊन जातात, ते सांगायला नको.

१ डिसेंबर २०११ रोजी या श्लोकांचा अर्थ एकदा भर रस्त्यात सांगितला गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘सत्याग्रह’चा त्या हंगामातला शेवटचा प्रयोग होता. त्याआधी दोन आठवडे पोलिसांनी झुकोटी पार्कमधलं ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’चं आंदोलन उठवलं होतं. आंदोलक लिंकन सेंटरच्या बाहेर जमले. आत गांधींचा मोर्चा, बाहेर पोलिसांचे कठडे. प्रयोग सुटल्यावर प्रेक्षक पायऱ्यांवर थबकले, आंदोलक त्यांना खाली बोलावत राहिले, आणि हळूहळू बरेच जण कठड्यापर्यंत आले. ग्लास गर्दीत उभा राहिला. ध्वनिवर्धक नव्हता. आंदोलनाची रीत अशी की बोलणाऱ्यानं एक तुकडा म्हणायचा, भोवतालच्यांनी तो मोठ्यानं म्हणायचा, मग मागच्यांनी. ग्लासनं चौथ्या अध्यायातल्या त्या ओळी इंग्रजीत म्हटल्या, गर्दीनं त्या उचलल्या. मग त्यानं त्याच पुन्हा म्हटल्या. ज्यानं आयुष्यभर तुकडे पुन्हा पुन्हा वाजवायला लावले, त्याचे शब्द आता अनोळखी माणसं पुन्हा पुन्हा म्हणत होती. अर्थ आणि आवर्तन तिथे एकत्र आले, ते ‘सत्याग्रह’च्या रंगमंचावर कधी आले नव्हते.

त्या रात्री एक गोष्ट मात्र हातची निसटली. इंग्रजी पाठात वाईटाला मागे रेटण्याची भाषा होती. आठव्या श्लोकात कृष्ण दुष्कृत्यं करणाऱ्यांच्या विनाशाबद्दल बोलतो. अहिंसेचा पुजारी तो श्लोक प्रत्येक प्रयोगात कसा गातो? गांधींनी ‘अनासक्तियोगा’त अवतार ही कल्पनाच वेगळ्या रीतीनं घेतली, की मानवजातीची असामान्य सेवा करणाऱ्याला लोक मागाहून अवतार म्हणतात, आणि कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात आहे. ऑपेरातही गांधी अवतार ठरत नाहीत. वर उभे असलेले किंग सुचवतात की परत येते ती चळवळ. पण विनाशाचा शब्द त्या संहितेत आहेच, आणि सगळ्यात गोड स्वरावलीत तो न कळता निघून जातो. अर्थ न कळण्याची ही खरी किंमत. ज्याला संस्कृत येतं त्याच्याच कानाला तो टोचतो.

लोकमान्यांच्या कानाला तो टोचला नसता. ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या टिळकांचं आणि गांधींचं १९२०च्या जानेवारीत ‘यंग इंडिया’त जे जाहीर वाजलं, ते याच अध्यायावरून. टिळकांचं म्हणणं, राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. बुद्धाच्या अक्रोधापेक्षा आपल्याला अकराव्या श्लोकातला कृष्ण जवळचा, जो जसा भेटेल त्याला तसा भेटणारा. गांधींचं उत्तर, की दुष्टाशीही सत्यानंच वागावं. दोघांच्या हाती एकच ग्रंथ, एकच अध्याय. दोघांनाही त्याचा शब्द न् शब्द कळलेला. ग्लासच्या गांधींना मात्र टिळकांना उत्तर द्यावं लागत नाही. ऑपेरा आठव्या श्लोकावर थांबतो, वाद अकराव्यावर सुरू होतो.